किशोरांचे लेखन : टाळ्या पुष्कळ, खोडाखोड थोडी

मराठीत किशोरवयीन लेखकांची परंपरा नाही, असे जे सरसकट म्हटले जाते, त्यात तथ्य नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत प्रसिद्ध झाला. आणि छपराविना बाळंत होणाऱ्या, थंडीवाऱ्यात कुडकुडणाऱ्या आपल्या जातीच्या बायांचे हाल तिने ज्या निर्भीडपणे मांडले, तो निर्भीडपणा त्या काळच्या किती प्रौढ ग्रंथकारांपाशी होता, हे शोधावेच लागेल. इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांनी खाऊ देऊ केला असता तिने त्याऐवजी ग्रंथालय मागितले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा इतिहाससंशोधकांनी पाहावा. लिहिणाऱ्या मुलीला ग्रंथालयाची गरज कशी असते, हे मात्र तिच्यात नेमके उतरले आहे.

दुसरा प्रसंग १९०७ सालचा, जळगावचा. तेथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली आणि ती मूळ नावापेक्षा अधिक टिकली. ठोमऱ्यांची प्रतिभा अस्सल होती, म्हणून त्या कौतुकाने त्यांचे काही बिघडले नाही. परंतु पुढच्या पिढ्यांनी या दोन उदाहरणांपैकी जळगावचेच उचलले, असा माझा आक्षेप आहे. मुलाने व्यासपीठावर यावे, पाठ केलेले म्हणावे, टाळ्या घ्याव्यात आणि प्रमाणपत्र घेऊन खाली उतरावे, हा शिरस्ता आज बालकुमार मेळाव्यांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सर्वत्र रूढ आहे. विषयही ठरलेले: आई, पाऊस, झाडे लावा, पाणी वाचवा, आणि अलीकडे मोबाईलचे दुष्परिणाम, ज्यांवर मुले मोबाईलवरूनच मजकूर उतरवून आणतात.

नियतकालिकांनी या बाबतीत पुष्कळ केले, हे नाकारता येणार नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला 'आनंद' आणि १९७१ पासून बालभारतीतर्फे निघणारे 'किशोर' यांनी मुलांना वाचनाची गोडी लावली. शाळांतल्या हस्तलिखितांचा मात्र येथे थोडा विस्ताराने विचार केला पाहिजे, कारण किशोरलेखनाचे गुण आणि दोष तेथे एकाच पानावर दिसतात. वर्गातील मुले लेख देतात, मराठीचे शिक्षक ते तपासतात, आणि मग ज्या मुलीचे अक्षर मोत्यासारखे असेल ती सर्वांचे लेख आखीव कागदावर, कडेला वेलबुट्टी काढून, एकटाकी उतरवते. तयार झालेले हस्तलिखित देखणे असते. पण मूळ कच्चा कागद, ज्यावर लेखकाने काय खोडले आणि शिक्षकांनी काय कापले हे दिसले असते, तो केराच्या टोपलीत जातो. सगळ्या लेखांचे अक्षर एक होते आणि बहुधा आवाजही एकच होतो.

मिरा-भाईंदरमधल्या नवघरसारख्या ठिकाणी या एकसुरीपणाची किंमत विशेष जाणवते. खाजण, मिठागरे आणि भातशेती यांच्या आधाराने जगलेले हे आगरी-कोळ्यांचे गाव १९८५ मध्ये नगरपालिकेत आणि २००२ मध्ये महानगरपालिकेत गेले. २००१ च्या शिरगणतीत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर पोहोचली. आजोबा मिठागरावर राबलेले, वडील पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जाणारे, शेजारी मारवाडी, वरच्या मजल्यावर उत्तर भारतीय कुटुंब, अशा घरातला मुलगा लिहायला बसला की त्याच्यापाशी सामग्रीचा तोटा नसतो. तरीही वहीवर उमटतात ती डोंगरदऱ्या, खळाळते झरे आणि हिरवे गालिचे, म्हणजे पाठ्यपुस्तकातला निसर्ग. आजीच्या तोंडचे 'पानी' लिहून झाल्यावर तो ते खोडून 'पाणी' करतो, 'डोला'चा 'डोळा' करतो. निवेदनात हे योग्यच, पण आजीच्या संवादातही तो हेच करतो, आणि आजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखी बोलू लागते. ही दुरुस्ती त्याला कोणी सांगितलेली नसते, गुण जातील या धास्तीने तो ती आपणहून करतो.

जेथे गुण नाहीत, बक्षीस नाही आणि हजेरीपटही नाही, अशी सार्वजनिक जागा म्हणजे वाचनालय. ज्या ठाणे जिल्ह्यात नवघर येते, तेथे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्यभरच्या वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदानाची तरतूद करून दिली. पण वाचनालयांच्या रचनेत एका बाजूस बालविभाग आणि दुसऱ्या बाजूस स्पर्धापरीक्षांची अभ्यासिका. मधल्या तेरा ते अठरा वयाचा वाचक बालविभागात अवघडतो आणि अभ्यासिकेत गप्प बसवला जातो. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये मध्यवर्ती इमारतीतच किशोरांसाठी स्वतंत्र दालन उघडले. तेवढा खर्च आपल्याकडे मंजूर होणार नाही, हे मी जाणतो, आणि त्याची आवश्यकताही नाही.

आवश्यकता आहे ती ऐकणाऱ्याची आणि पुनर्लेखनाची. ॲन फ्रँकची रोजनिशी निरागस उद्गार म्हणून आपल्याकडे वाचली जाते. पण १९४४ च्या मार्चमध्ये, युद्धोत्तर संग्रहासाठी रोजनिश्या जपून ठेवा, असे आवाहन लंडनहून रेडिओवर ऐकल्यानंतर त्या चौदा वर्षांच्या मुलीने आपला मजकूर सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतला, काही गाळले, काही नव्याने मांडले, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. किशोरवयात स्वतःच्या लेखनावर कात्री चालवता येते, याला याहून मोठा दाखला नको.

म्हणून नवघर आणि भाईंदरच्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांपुढे ही साधी दरखास्त ठेवतो. महिन्यातून एका संध्याकाळी अभ्यासिकेतले एक मेज या मुलांना द्यावे. वाचन बसून व्हावे, ध्वनिक्षेपक नसावा, टाळ्या नसाव्यात. ऐकणाऱ्याने 'छान' म्हणण्याऐवजी, आजी खरेच असे बोलते का, एवढे विचारावे, आणि तोच मजकूर पुढच्या महिन्यात पुन्हा ऐकावा. कच्चे कागद फेकून न देता वाचनालयाच्या दप्तरी तारखेनिशी जमा करावेत. यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रंथपालाची संमती आणि कपाटातला एक रिकामा खण एवढ्यावर काम भागते.