अवजार, देखभाल आणि महामार्गावरील गाव : हायड्रॉलिक बचाव-साधनांच्या व्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

अग्निशमन दलाचे काम म्हणजे आगीवर पाणी मारणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात पाणी मारण्याच्या आधी एक टप्पा असतो, तो म्हणजे आत शिरण्याचा. बंद दरवाजा, खाली आलेले शटर किंवा अपघातात चेपलेली मोटार यांच्या पलीकडे अडकलेल्या माणसापर्यंत वाट काढता आली नाही, तर पाणी आणि औषध दोन्ही निरुपयोगी ठरतात. ही वाट काढण्यासाठी पूर्वी पहार, घण आणि कुऱ्हाड वापरली जात असे. आता त्यांच्या जोडीला हायड्रॉलिक कटर, स्प्रेडर, रॅम आणि दरवाजा उघडण्याचे हातपंपी यंत्र आले आहे. या साधनांचा वापर, त्यांची देखभाल आणि त्यामागील शासकीय व्यवस्था यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली असून, विवेचनासाठी जालना जिल्ह्यातील वडीगोद्री हे गाव समोर ठेवले आहे.

वडीगोद्रीचेच उदाहरण का?

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील गाव. जालना-अंबडकडून येणारा रस्ता येथे धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. गाव ग्रामपंचायतीचे, परंतु रहदारी महानगराला शोभेल अशी, हे या ठिकाणाचे वैशिष्ट्य आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वडीगोद्री-जालना मार्गावर गेवराईहून जालन्याकडे जाणारी एस.टी. बस आणि फळे वाहून नेणारा ट्रक यांची समोरासमोर धडक झाली. सहा जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. अशा धडकेत वाहनाचा पुढचा भाग आत दबतो आणि पत्रा, आसन व सुकाणू यांच्यामध्ये माणूस अडकतो. त्याला ओढून काढता येत नाही. त्याच्याभोवतीचे लोखंडच दूर करावे लागते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. ११२ वर पोलीस येतात. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे. म्हणजे डॉक्टर येतो, पोलीस येतो, क्रेनही येते; परंतु डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये उभा असलेला वाकलेला दरवाजा कापणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर ग्रामीण भागात निश्चित नाही. प्रस्तुत चिकित्सेचा मूळ मुद्दा हाच आहे.

साधनाचे स्वरूप आणि त्याची शिस्त

या साधनांचे तत्त्व जुने आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडले. १७९५ मध्ये ब्रामा याने त्याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. बचावकार्यासाठी या तत्त्वाचा उपयोग मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाला. आजच्या बहुतेक साधनांत तेलाचा दाब ७०० बारच्या आसपास असतो. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७०० किलो भार, असा याचा अर्थ. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन ते अडीच बार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या शक्तीची कल्पना येते.

एवढी शक्ती हाती आली की शिस्तही तेवढीच लागते. वाहन प्रथम लाकडी ठोकळे लावून स्थिर करावे लागते. बॅटरीची जोडणी तोडावी लागते. अडकलेल्या माणसाला काचेपासून वाचविण्यासाठी झाकावे लागते. कटरची पाती कापायच्या भागाशी काटकोनात धरावी लागतात. यंत्र पिळू लागले तर थांबून पुन्हा पकड घ्यावी लागते. यंत्र आणि वाहन यांच्यामध्ये कोणी उभे राहता कामा नये. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगचा वायुकोष छताजवळच्या खांबात दडलेला असू शकतो, आणि विद्युत वाहनांत उच्च दाबाच्या नारिंगी तारा असतात. त्यामुळे आतले आवरण काढून पाहिल्याशिवाय खांब कापणे हे बचावपथकालाच धोक्यात घालणारे ठरते. आगीच्या प्रसंगी तर दार उघडणे म्हणजे आगीला हवा देणे होय. म्हणून पाण्याची नळी सज्ज झाल्याखेरीज दार फोडू नये, हा नियम आहे.

देखभालीचा प्रश्न

प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील खरी उणीव येथे आहे. साधन खरेदी होते तेव्हा नारळ फुटतो, हार घातला जातो आणि छायाचित्र निघते. त्यानंतर ते गाडीच्या कप्प्यात जाते. त्या कप्प्यातील पुढच्या वर्षांची चर्चा होत नाही. हायड्रॉलिक साधन मात्र पहारीसारखे नाही. पहार दहा वर्षे कोपऱ्यात पडली तरी पहारच राहते. हायड्रॉलिक यंत्राच्या नळीचे रबर वयाने कडक होते, म्हणून अनेक उत्पादक सुमारे दहा वर्षांनी नळ्या बदलण्यास सांगतात. इंजिनाच्या टाकीत पडून राहिलेले पेट्रोल खराब होते. कपलिंगची टोपी हरवली तर मराठवाड्याची धूळ थेट तेलात जाते. पात्यावरची बारीक चीर पुढच्या कामात पाते फुटण्याचे कारण ठरते.

येथे एका तुलनेचा मोह आवरत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाला वा भोगवटादाराला अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. हा दंडक योग्यच आहे. परंतु जी नागरिकाला लागू, तीच कसोटी यंत्रणेलाही लागू असावी. बचावगाडीतील कटर शेवटचा केव्हा चालवून पाहिला, हे सहा महिन्यांतून एकदा जनतेसमोर का येऊ नये?

देखभालीला भाषेचीही एक बाजू आहे. यंत्रासोबत येणारी पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. यंत्र धुणारा, पुसणारा आणि रात्री ते उचलणारा जवान मराठीत विचार करतो. तेलाची गळती हाताने चाचपू नये, कारण त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम किरकोळ दिसली तरी शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. ही सूचना परभाषेतील चाळिसाव्या पानावर असेल, तर ती नसल्यासारखीच. त्याऐवजी कप्प्याच्या दारावर चार ओळी असाव्यात : “गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. काम संपल्यावर टोके घट्ट आवळू नका, थोडी फट ठेवा. टोप्या पुसून बसवा. आठवड्यातून एकदा पूर्ण उघडून मिटून पाहा.” मराठीच्या अध्यापकांनी पारिभाषिक कोशांबरोबर असे लेखनही आपले काम मानावयास हवे.

व्यवस्थेतील फट

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे आहे. ७३ व्या दुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. वडीगोद्रीसारखे गाव नेमके या दोन सूचींच्या मधल्या फटीत सापडते. अग्निशमनविषयक केंद्रीय सल्लागार परिषदेच्या निकषानुसार पहिली गाडी शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पोहोचावी. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या गाडीला हा निकष महामार्गाच्या प्रत्येक भागात पाळता येईल, असे मानणे कठीण आहे. केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. तिचे मोजमाप किती साधने घेतली यावर न होता, किती साधने वापरण्याजोगी राहिली यावर झाले पाहिजे.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, अवजारावर एवढा भर देणे अनाठायी आहे. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार बंद झाले. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. तेथे वीस मिनिटांनी येणारा उत्तम कटरही उपयोगी पडला नसता. तेथे हवा होता तो काच फोडण्याचा लहानसा हातोडा आणि उघडणारे आपत्कालीन दार. तेव्हा हायड्रॉलिक साधन हा सर्व प्रश्नांवरचा उपाय नव्हे. त्याचप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला कटर वाटणे हेही उत्तर नव्हे. सराव नसलेल्या हाती ७०० बार देणे म्हणजे नवा अपघात घडविणे होय.

निष्कर्ष

१. हायड्रॉलिक बचाव-साधनाचे मूल्य खरेदीत नसून त्याच्या सिद्धतेत आहे, आणि सिद्धता ही आठवड्याच्या तपासणीची व सरावाची निर्मिती असते.

२. वडीगोद्रीसारख्या महामार्ग-संगमावर निदान हातपंपावर चालणारा एक संच आणि तो चालविणारे प्रशिक्षित पथक असावे. त्याची जबाबदारी नगरपालिका, महामार्ग यंत्रणा व जिल्हा प्रशासन यांपैकी कोणाची, हे लेखी ठरावे.

३. साधनांच्या तपासणीची नोंदवही मराठीत असावी आणि तिचा सहामाही गोषवारा जाहीर व्हावा.

देशाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात, म्हणजे आपल्याच राज्यात आहे. ज्ञान दूर नाही; ते महामार्गावरच्या गावापर्यंत नेण्याचे काम शिल्लक आहे. वाकलेल्या पत्र्याआड अडकलेल्या माणसाला आपण कोणत्या अनुसूचीत येतो हे ठाऊक नसते. ते ठाऊक असण्याची जबाबदारी बाहेर उभ्या असलेल्या व्यवस्थेची आहे.