यादीतली बजाज ऑटो दुचाकी बनवत नाही

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात वाहन उद्योगातल्या कंपन्या किती, असा प्रश्न आला की आपण कंपनी व्यवहार मंत्रालयाची यादी उतरवतो, एक्सेलमध्ये घेतो, फिल्टर लावतो आणि आकडा लिहून टाकतो. माझा आक्षेप त्या फिल्टरवर आहे.

यादीतल्या प्रत्येक कंपनीला सीआयएन नावाचा क्रमांक असतो. त्यात आधी सूचिबद्धता, मग पाच आकडी उद्योग कोड, राज्य, वर्ष, प्रकार आणि नोंदणी क्रमांक. आता बजाज ऑटोचा बघा: एल-६५९९३-पीएन-२००७-पीएलसी-१३००७६. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या २००४ च्या आवृत्तीत ६५ म्हणजे वित्तीय सेवा, २००८ च्या आवृत्तीत विमा आणि पेन्शन. दुचाकी कुठेच नाही! राज्याच्या जागी 'एमएच' शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण तिथे पुण्याचं 'पीएन' आहे. आणि २००७ हे विभाजनातून आलेल्या नव्या कंपनीचं वर्ष. आकुर्डीत गाड्या त्याआधी कित्येक दशकं बनत होत्या.

भारत फोर्जचं प्रकरण जास्त फसवं आहे. कोड २५२०९. २००४ मध्ये २५ म्हणजे रबर-प्लास्टिक, २००८ मध्ये धातूच्या वस्तू. नवी आवृत्ती धरून पहिल्या दोन आकड्यांवर गट केलेत तर ही कंपनी बरोबर जागी बसल्यासारखी दिसते, आणि मग कोणी तपासतही नाही. खुद्द मोटार वाहनांचा विभाग २००४ मध्ये ३४ होता, २००८ मध्ये २९ झाला. जुन्या आवृत्तीत २९ म्हणजे यंत्रसामग्री.

पत्त्याचंही तेच. महिंद्राचा कारखाना चाकणला, नोंदणीकृत कार्यालय मुंबईत. पिनकोडने चाळलंत की तो कारखाना पट्ट्यातून गायब.

तुम्ही म्हणाल, हजारो ओळींत दोन-चार इकडेतिकडे झाल्या तर काय बिघडलं? पण या दोन-चार ओळी म्हणजे पट्ट्यातले मोठे मालक. अशा मोजणीवर उद्या कोणी आयटीआयच्या जागा किंवा बसचे मार्ग ठरवले, तर चूक कामगारांच्या माथी बसेल.

मग करायचं काय? फाइल आयात करताना कोडचा रकाना मजकूर म्हणून घ्या. नाहीतर शेतीच्या ०१ चा १ होतो, आणि एका यादीत मजकूर, दुसरीत संख्या असली की व्हीलुकअप जुळतच नाही. मूळ शीट जशीच्या तशी ठेवा. शेजारी तीन रकाने वाढवा: प्रत्यक्ष उत्पादन, कारखान्याचं ठिकाण, आणि हे कुठून कळलं. मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सहज मिळतात. तिथून सुरुवात करा.

काम किचकट आहे, मान्य. पण यादी कंपन्यांच्या नोंदणीची आहे. कारखाने मोजायला ती बनलेलीच नाही, आणि फिल्टर लावल्याने ती तशी होत नाही.