लगाम सैल, मांड पक्की

झेनोफनचं घोडेस्वारीवरचं पुस्तक लहानसंच, 12 प्रकरणांचं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या या सेनानीने ते आपल्या तरुण मित्रांसाठी लिहिलं. इराणी साम्राज्याच्या पोटात अडकलेल्या दहा हजार ग्रीकांना माघारी आणणाऱ्यांपैकी तो एक. त्यामुळे घोड्यावर जीव अवलंबून असणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. रिकीब त्या काळी नव्हती. स्वाराला आधार होता तो स्वतःच्या मांडीचा आणि घोड्याच्या तोलाचा. घोड्याची चाल सुधारल्याशिवाय स्वाराची बैठक सुधारत नाही, ही या पुस्तकाची धारणा तिथूनच येते.

सुरुवात होते खुरापासून. न शिकवलेल्या शिंगराचा स्वभाव कळत नाही, तेव्हा शरीर तपासा, आणि शरीरातही आधी पाय, असं त्याचं सांगणं. पाया कच्चा असेल तर वरचं घर काय कामाचं? चांगला पोकळ खूर जमिनीवर झांजेसारखा वाजतो, म्हणून तो डोळ्यांबरोबर कानही वापरायला लावतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या पट्ट्यातल्या गोपालकाला हे वाचताना परकं वाटणार नाही. पांढरी, अंगाने हलकी, चपळ चालीची गवळाऊ ही इथली गाईबैलांची जात. हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, जोडी बघायला आलेल्या जाणत्या माणसाची नजर अशीच खालून वर जाते.

पण पुस्तकाचा खरा गाभा सातव्या प्रकरणात आहे. खुर्चीवर बसल्यासारखं बसू नका, पाय फाकवून ताठ उभे राहिल्यासारखे बसा, गुडघ्याखालचा पाय सैल सोडा, कमरेवरचं अंग लवचीक ठेवा, असं तो सांगतो. पाय ताठ धरला आणि कुठे आपटला तर मोडेल. सैल असेल तर मांडी जागची हलणार नाही. इतका बारकावा स्वतः धडपडल्याशिवाय लिहिता येत नाही, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

मग येते इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फेरी. घोड्याला उजवीकडे आणि डावीकडे सारखंच वळता यावं, कुठल्याही एका अंगाला तो कडक राहू नये, यासाठी ती. त्यातही झेनोफन गोल गोल वळण्यापेक्षा लांबट फेरी पसंत करतो, कारण सरळ धावून झालं की घोडा आपण होऊन वळायला राजी असतो. वळणावर मात्र त्याला आवरून घ्यायचं. अरुंद जागेत भरधाव वळणं सोपंही नाही आणि सुरक्षितही नाही. या जागी तो जे बजावतो ते मला सगळ्या पुस्तकात मोलाचं वाटतं: वळताना लगामाने घोड्याला शक्य तितकं कमी कलवा आणि स्वतःही शक्य तितके कमी कला. तोल गेला तर दोघांचाही जाईल. घोडा आणि स्वार यांचा तोल त्याने एकाच वाक्यात बांधला आहे. तोंड सरळ झालं रे झालं की घोड्याला पुन्हा वेगात सोडायचं.

यामागचं कारण आज मोजून सांगता येतं. उभ्या घोड्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. पाठीवर स्वार आला की पुढचा भार आणखी वाढतो. मग घोडा लगामावर लटकतो, स्वार लगाम ओढतो, आणि दोघांची ओढाताण सुरू होते. मागचे पाय पोटाखाली यायला लागले, पाठ उचलली गेली, की पुढचा भाग हलका होतो आणि दुडकी चालताना स्वाराला बसणारे हिसके कमी होतात. नवशिक्याला आपली मांड कच्ची वाटते तेव्हा पुष्कळदा घोड्याची पाठच आखडलेली असते. झेनोफनजवळ हे आकडे नव्हते, तरी कंबर लवचीक असलेला घोडाच मागचे पाय खाली घेऊन पुढचं अंग उचलू शकतो, हे अकराव्या प्रकरणात तो स्वच्छ सांगतो.

दहावं प्रकरण वाचताना लग्नसराईतली वर्ध्याची वरात आठवल्याशिवाय राहत नाही. बॅन्ड वाजतो, घोडी नाचते, लोक कौतुक करतात. पण लगाम आखडलेला असतो, तोंड वर ओढलेलं, डोळे विस्फारलेले. तोंड असं वर ओढलं तर घोड्याला समोरचं दिसणार कसं, हा झेनोफनचा सवाल आहे. जबरदस्तीने करवलेल्या गोष्टीत समज नसते आणि सौंदर्यही नसतं, हे मत तो पुढे अकराव्या प्रकरणात आपल्या आधीच्या सायमन या जाणकाराच्या हवाल्याने मांडतो. नर्तकाला चाबूक आणि टाच मारून कुणी नृत्य करवून घेत नाही, असा त्याचा दाखला. लगाम सैल दिला, तर घोडा माद्यांसमोर ऐटीत चालताना मान जशी आपण होऊन उचलतो आणि कमानदार करतो, तशीच स्वाराखालीही करतो.

त्याच माणसाने काटेरी लगामही सुचवला आहे, हे मला खटकतं. काटेरीचा अनुभव घेतल्यावर घोडा गुळगुळीत लगामात खुशीने चालेल, असा त्याचा हिशेब. दहाव्या प्रकरणातल्या सगळ्या समंजसपणाशी तो जुळत नाही, आणि मी तरी त्या बाबतीत त्याचं ऐकणार नाही.

बाकी झेनोफनचा सहजतेचा आग्रह आजही मोलाचा आहे. 26 सप्टेंबर 2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मुंबईचा हृदय छेडा, अनुष अगरवाला, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह यांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत भारताला 41 वर्षांनी सुवर्ण मिळालं. ड्रेसाजमध्ये वेगाला बक्षीस नसतं. वळण, चाल बदलणं, आवरणं आणि सोडणं यांतली सहजता परीक्षक बघतात. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिल्यावर आमचे पटही पुन्हा सुरू झाले आहेत. पराणी न टोचता जोडी सरळ, एकसारखी पळवणाऱ्याचं कौतुक तिथेही पहिल्या नंबराइतकंच व्हायला हवं.

घोड्यावर बसायला शिकणाऱ्याने हे पुस्तक सातव्या प्रकरणापासून उघडावं. मोकळ्या वावरात लांबट फेरी आखावी, दोन्ही बाजूंना सारखं वळावं, लगाम हाताला जड लागतो की हलका ते बघावं. आणि थांबताना झेनोफनची एक सूचना विसरू नये: गर्दीत किंवा वाटेत कुठेही नाही, जिथे घोड्याला राबवलं तिथेच खाली उतरायचं, म्हणजे मेहनतीच्या जागीच त्याला विसावाही मिळतो.