०.९४ म्हणजे काय?

औंढा नागनाथच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, चहाही घेतो. दोन-तीन तासांनी डोके ठणकू लागते, उलट्या होतात, ग्लानी येते. कवटीला लागून असलेली धमनी फुटली असेल, तर नेमके असेच घडू शकते. अशा वेळी सी.टी. स्कॅन हवा, आणि तो लगेच वाचणारा तज्ज्ञही हवा. रात्री दोन वाजता तो कुठून आणायचा? म्हणूनच मुंबईच्या क्युअर.एआय या कंपनीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध आम्ही उत्सुकतेने वाचला.

स्कॅन हा फोटो दिसत असला तरी मुळात तो आकड्यांचा तक्ता असतो. पाणी ०, हवा उणे १०००, मेंदू साधारण २५ ते ४०, ताजे गोठलेले रक्त ५० ते ८०. भारतातील सुमारे २० केंद्रांतून तीन लाखांवर स्कॅन जमवून, बहुतेक स्कॅन वापरून संगणकाला रक्तस्राव ओळखायला शिकवले गेले. मग दिल्लीकडील वेगळ्या ४९१ स्कॅनवर त्याची परीक्षा झाली. तीन तज्ज्ञांचे बहुमत हे उत्तर मानले. हे ४९१ स्कॅन सर्वांना खुले केले, याबद्दल लेखकांचे कौतुकच करायला हवे.

रक्तस्रावासाठी निकाल आला ०.९४. हा आकडा पाहून 'शंभरात चौऱ्याण्णव बरोबर' असे कोणालाही वाटेल, पण तो अर्थ नव्हे. रक्तस्रावाचा एक आणि रक्तस्राव नसलेला एक असे दोन स्कॅन उचलले, तर शंभरपैकी सुमारे ९४ वेळा संगणक पहिल्याला जास्त गुण देतो, एवढेच. धोक्याची घंटा किती गुणांना वाजवायची, हे माणसानेच ठरवायचे असते.

शिवाय या ४९१ पैकी मोठा भाग रक्तस्राव जास्त मिळावेत म्हणून मुद्दाम निवडलेला होता. प्रत्यक्षात समजा १००० जखमींपैकी ५० जणांनाच रक्तस्राव आहे, आणि संगणक दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. तो ४५ जण पकडेल, ५ सोडेल, आणि निरोगी ९५० पैकी ९५ जणांसाठी उगाच घंटा वाजवेल. म्हणजे १४० घंटांपैकी खऱ्या ४५. (हे गणित नववीच्या वर्गात जरूर करून पाहावे.) तज्ज्ञाने कोणता स्कॅन आधी पाहावा हे ठरवायला एवढे पुरेसे आहे, 'काही नाही, घरी जा' असे सांगायला मुळीच नाही. ते ५ जण घरी जातील.

आणखी एक अडचण खुद्द स्कॅनचीच. मेंदूवर साचलेले रक्त एक ते तीन आठवड्यांत विरघळत जाते आणि मधल्या काळात त्याचा आकडा मेंदूइतकाच होतो. तेव्हा रक्त दिसत नाही. दबलेल्या वळ्यांवरून आणि सरकलेल्या मध्यरेषेवरून ते ओळखावे लागते.

आणि शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट निबंधात एका ओळीत येते: ७ वर्षांखालील मुलांचे स्कॅन या अभ्यासातून वगळले होते. पहिलीतले मूल ओट्यावरून डोक्यावर पडले, तर त्याच्या स्कॅनबद्दल हा ०.९४ काहीच सांगत नाही.