विकतचे अन्न

खाणावळ हा शब्द कानी पडताच आमच्या सुशिक्षित वर्गातील बहुतेकांच्या मुखावर एक विशिष्ट स्मित उमटते. त्यात थोडी कीव असते, थोडी विद्यार्थिदशेची आठवण असते, आणि आपण त्यातून एकदाचे सुटलो याचे समाधानही असते. पाणीदार आमटी, मोजून वाढलेल्या पोळ्या आणि महिनाअखेरीस पैशांसाठी मागे लागणारा मालक एवढ्या भांडवलावर मराठी विनोदी लेखकांच्या दोन-तीन पिढ्या सुखाने पोसल्या. पण या अन्नाची गंभीर परीक्षा फारशी कोणी केलेली आढळत नाही. अलीकडे रस्त्याकाठच्या स्वस्त जेवणाची वर्णने पुष्कळ लिहिली जातात. ती बहुधा दोनच सुरांत असतात. एक तर गरिबाच्या भाकरीविषयीचा गहिवर, नाहीतर ‘अगदी घरच्यासारखे’ हे प्रशस्तिपत्र. गहिवराची आम्हांस फारशी चिंता नाही, तो लवकर ओसरतो. हे प्रशस्तिपत्र मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे उरुळी कांचन मागे टाकल्यावर, यवतच्या अलीकडे, दौंड तालुक्यातील कासुर्डी हे गाव लागते. उसाचा मुलूख, हंगामात गुऱ्हाळांचा धूर आणि काकवीचा वास वाऱ्यावर दूरवर येतो. या गावाजवळ पत्र्याच्या छपराखाली चार मेजांची एक खाणावळ आहे. तिची जाहिरात करण्याचा आमचा हेतू नसल्यामुळे नाव देत नाही. ऐंशी रुपयांत तेथे दोन भाकऱ्या, पिठले किंवा मटकीची उसळ, भात, आमटी, ठेचा आणि कांदा मिळतो. ट्रकचे चालक, दुधाच्या टेम्पोवरील माणसे, पुण्यास जाणारे-येणारे विद्यार्थी आणि क्वचित आमच्यासारखे प्राध्यापक तेथे एकाच बाकावर बसतात.

पिठले उत्तम. गुठळी नाही, कच्च्या पिठाचा वास नाही, आणि लसूण फोडणीत नेमका तांबूस झालेला. भाकरी त्याहून उत्तम, पापुद्रा सुटलेली आणि तव्यावरून थेट ताटात आलेली. ठेच्यात शेंगदाणा थोडा अधिक पडतो, असे आमचे मत आहे. तिखटाला भिणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाची ही मनधरणी असावी. (मिरची आणि शेंगदाणा हे दोन्ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आलेले पाहुणे आहेत, हे ‘अस्सल मराठमोळे’ म्हणून ठेच्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

हे ताट स्वस्त का पडते? हरभऱ्याचे पीठ टिकते आणि त्यास रोज मंडई गाठावी लागत नाही. भाकरीस तेल लागत नाही. म्हणजे सामग्रीचा खर्च बेताचाच. परंतु भाकरीचा एक स्वभाव आहे. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यात मळून लगेच थापावे लागते, आणि भाकरी निवली की ती कडक होऊन तडकते. पोळ्या सकाळी करून डब्यात ठेवता येतात, भाकरीस ती सोय नाही. गिऱ्हाईक बसले की पीठ मळावयाचे, थापावयाचे, भाजावयाचे. दुपारी अकरापासून तीनपर्यंत बाई चुलीपासून हलत नाहीत. ऐंशी रुपयांच्या ताटात खरी महाग वस्तू हीच, आणि हिशेबात ती जवळजवळ धरलेलीच नसते.

म्हणूनच ‘घरच्यासारखे’ ही स्तुती आम्हांस खटकते. घरी रांधणारीस मोल मिळत नाही, ती सर्वांच्या मागून जेवते, आणि आमटीत मीठ अधिक पडले तर बोल मात्र तिलाच लागतो. घरच्या अन्नाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. पण त्या थोरवीच्या पोटात हे फुकटचे कष्ट आहेत. त्या कष्टांस काहीएक किंमत आहे हे आपल्या समाजात चारचौघांसमक्ष मान्य झाले ते खाणावळीच्या पाटीवर, दर लिहिला गेला तेव्हा. मुंबईत गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो एकटे कामगार ज्यांच्या हातचे जेवून यंत्रांपुढे उभे राहत, त्या खाणावळवाल्या बाया संपाच्या दिवसांत उधारीवरही ताटे वाढीत. गिरणीच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना एकत्र आणले आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच उठल्या, आणि त्यांच्या आधारावरील पुष्कळ चुलीही विझल्या.

ऊस आणि खाणावळ यांचे नाते केवळ आपल्याकडचे नव्हे. दूरच्या क्यूबा बेटावर १८४७ साली चिनी मजुरांची पहिली जहाजे करारावर आणली गेली, ती मुख्यतः उसाच्या मळ्यांसाठी. करार संपल्यावर त्यांतील काहींनी हवाना शहरात लहानसहान भोजनगृहे थाटली. तेथील स्वस्त दुपारच्या जेवणाचा कणा म्हणजे भात आणि काळा घेवडा. आपल्या उसळ-भाताचा लांबचा भाऊच. परमुलखातील मजूर तेथे गिऱ्हाईक होता, तसा कधी मालकही झाला. दौंडकडे मात्र चित्र निराळे दिसते. बीड आणि नगर भागांतून येणारा ऊसतोडणी कामगार कासुर्डीच्या खाणावळीत सहसा शिरत नाही, कारण ऐंशी रुपये त्यास परवडत नाहीत. नवरा-बायकोची जोडी मिळून तेथे एक ‘कोयता’ धरला जातो. त्यातील बायको पहाटे कोपीपुढे तीन दगडांवर भाकरी भाजते आणि मग नवऱ्याच्या बरोबरीने फडात उतरते. स्वस्त खाणावळही ज्यांना महाग, त्यांची भाकरी पुन्हा बिनमोलाच्या हातांवरच येऊन पडते.

येथे कोणी म्हणेल की, अन्न विकण्याची वस्तूच नव्हे. कासुर्डीच्या शेजारी यवत येथे संत तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामास असते, तेव्हा ग्रामस्थ हजारो वारकऱ्यांस पिठले-भाकरी वाढतात. तो सोहळा आम्ही आदराने पाहिला आहे. परंतु प्रसादात मीठ कमी पडले म्हणून कोणी बोलत नाही, आणि बोलूही नये. सरकारी अन्नाचेही थोडेबहुत तसेच. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीसाठी गिऱ्हाइकाने दहा रुपये द्यावयाचे होते. प्रत्यक्षात थाळीची किंमत शहरात पन्नास व ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरून उरलेली रक्कम शासन भरणार होते. भुकेल्याच्या दृष्टीने ही सोय मोलाची. मात्र उपकाराच्या ताटावर बसलेल्या माणसाची जीभ चव घेते, मत देत नाही. पुरती किंमत मोजणारा ट्रकचालक मात्र निःसंकोच म्हणतो, ‘मावशी, आज पिठलं पातळ झालंय,’ आणि मावशीही त्यास तितक्याच निःसंकोचपणे उत्तर देतात. या संवादात दोघांचाही मान राहतो. टीकेचा अधिकार असा आठ नाण्यांत विकत मिळतो, हे टीकेच्या प्रतिष्ठेस बाधक आहे असे आम्हांस वाटत नाही.

अर्थात पैशाने सर्वच दारे उघडली, असे समजण्याचे कारण नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाने लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य ओढवले होते. आमच्या खाणावळींच्या पाट्यांवर एके काळी जातींची नावे असत. आणि पुरते पैसे देऊनही ज्यांना वेगळ्या कपात, बाहेर बसून चहा प्यावा लागला, त्यांची आठवण पुसली गेलेली नाही. कासुर्डीच्या बाकावर आज कोणी कोणास जात विचारीत नाही. कायद्याखेरीज याचे श्रेय रस्त्यालाही आहे, कारण घाईतल्या माणसास चौकशीला सवड नसते.

राहता राहिले दोष. आमटी खरोखरच पातळ आहे. विनोदी लेखकांनी निदान तिच्यावर अन्याय केलेला नाही. भाताचा तांदूळ हलका असून तो उकळून फार मऊ होतो. उसळीवरील तेलाचा तवंग रंगासाठी असावा, चवीसाठी त्याची गरज नाही. दर थोडा वाढवून तांदूळ बरा घ्यावा, असे आम्ही बाईंस सुचवून पाहिले. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, “नव्वद केले, की डायवर लोक पुढं यवतला जात्यात, साहेब.” यवतचा दर आम्ही अद्याप पाहिलेला नाही.