वीस प्रश्नांची चाळणी

गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातील काही शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्यापुढे आम्ही वीस प्रश्नांचा एक कागद ठेवला. मूळ कागद अमेरिकेतला; मराठी भाषांतर आमचे, अर्थ समजण्यापुरते केलेले. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलाच्या आईवडिलांनी प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे आणि त्यावरून मुलात स्वमग्नतेचा, म्हणजेच ऑटिझमचा, संभव कितपत आहे याचा अंदाज घ्यायचा, अशी ही रीत. आद्याक्षरांवरून तिला ‘एम-चॅट’ म्हणतात. डायना रॉबिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. सुधारित आवृत्तीच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या कागदाचे परीक्षण करण्याचा आमचा विचार आहे. त्याला कारणही घडले. बैठक संपल्यावर एक सेविका मागे थांबली आणि म्हणाली, “सर, आमच्या टोल्यावर एक पोरगं आहे. मी मनातल्या मनात त्याचे गुण मोजले. सहा आले. त्याच्या आईला सांगू की नको सांगू?” त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही.

आधी कागदाचे गुण सांगितले पाहिजेत. मूल बोलते की नाही, एवढ्यावर तो थांबत नाही. बघणे, हाकेला वळणे, बोट दाखवणे, मोठ्यांची नक्कल करणे, यांवर त्याचा भर आहे. यामागे चांगले विज्ञान आहे. बोट दाखवण्याचेच घ्या. दीड वर्षाचे मूल फळीवरच्या डब्याकडे बोट करते ते डबा हवा म्हणून. पण कौलांवर वांदर दिसले की ते बोट करते आणि लगेच वळून आईकडे बघते. त्याला वांदर नको असते; आईनेही ते बघावे, एवढेच हवे असते. या ‘तू पण बघ’मधूनच पुढे शब्द येतात, कारण दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर असताना ऐकलेला शब्द त्या वस्तूला चिकटतो. स्वमग्न मुलांत ही गोष्ट बहुधा उशिरा येते किंवा फार क्वचित दिसते. सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इंग्लंडात जी पहिली प्रश्नावली आजमावली, तिचा पायाच हा होता: दाखवण्यासाठी केलेले बोट आणि लुटुपुटूचा खेळ.

आता अडचणी. लुटुपुटूच्या खेळाची मूळ कागदातली उदाहरणे रिकामा पेला, टेलिफोन आणि बाहुली यांची आहेत. ‘घरात बाहुलीच नाही, मग काय लिहायचे?’ असे एकीने विचारले. दुसरीने तिला परस्पर उत्तर दिले: तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी असतो, नंदी नसेल तर काठीचा बैल असतो, रिकाम्या द्रोणातून जेवणे तर सगळीच पोरे करतात. चढण्याच्या प्रश्नात फर्निचर आणि घसरगुंडी आहे; इथे बाज आणि बैलगाडी घालावी. एवढे बदल सोपे आहेत, आणि उदाहरण बदलले तरी प्रश्न बदलत नाही याची खात्री करून मगच ते वापरले पाहिजेत.

खरी अडचण ‘हो’ या शब्दाची आहे. “बोट दाखवतो का?” या प्रश्नाला एक आई “हो” म्हणते. “कसं, करून दाखवा बरं,” म्हटले की ती आपले मनगट पकडून दाखवते: तो माझा हात धरतो, फळीपाशी नेतो आणि डब्यावर ठेवतो. हे बोट दाखवणे नव्हे. दुसऱ्याचा हात अवजारासारखा वापरणे ही उलट लक्ष द्यावे अशी खूण आहे. कागदावर मात्र तिथे काळजीचे कारण उरत नाही. याच्या उलटही घडते. हाकेला न वळणाऱ्या मुलाचा कान महिनोन्‌महिने वाहत असतो आणि त्याच्या खात्यावर एक गुण चढतो. त्यात भाषेची भर. या दोन जिल्ह्यांत घरची बोली कुठे झाडीबोली, कुठे गोंडी किंवा माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. आणि रजिस्टर घेऊन आलेल्या माणसाला आदराने ‘हो’ म्हणण्याची रीत सर्वांचीच.

पण समजा, भाषांतर निर्दोष झाले. तरीही एक हिशेब उरतो, आणि तो वरच्या वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांची जी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात सुमारे एक निघाले. म्हणजे १००० मुलांत १०. आपली चाळणी या दहांपैकी ८ जणांना पकडते आणि उरलेल्या ९९० पैकी शेकडा ६ जणांवर चुकून खूण करते, असे धरू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. चुकीच्या खुणा झाल्या ५९, बरोबर ८. खूण झालेल्या ६७ मुलांत खरोखर स्वमग्न ८, म्हणजे आठांत एकच. चाळणी वाईट आहे म्हणून हे होत नाही. शोधायची गोष्ट विरळ असली की असे होतेच. गुण दिसले की उत्तीर्ण-अनुत्तीर्ण करण्याची आपली शाळेतली सवय इथे घात करते.

कागद तयार करणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून सुधारित रीतीत दोन पायऱ्या आहेत. २ पर्यंत गुण असतील तर संभव कमी. ८ किंवा अधिक असतील तर थेट तज्ज्ञाकडे. ३ ते ७ असतील तर जी उत्तरे खटकली त्यांबद्दल पालकांशी पुन्हा सविस्तर बोलायचे, ‘करून दाखवा’ म्हणायचे. अमेरिकेत १६,०७१ मुलांवर झालेल्या २०१४ च्या चाचणीत पहिल्या पायरीवर शेकडा ७ मुले अडकली. दुसरी पायरी ओलांडूनही जी अडकलेलीच राहिली आणि ज्यांची तज्ज्ञांकडून तपासणी झाली, त्यांच्यात जवळजवळ निम्मी स्वमग्न निघाली, आणि शेकडा ९५ मुलांच्या विकासाबाबत काही ना काही लक्ष देण्याजोगे होते. मोबाइलवरून फिरणाऱ्या नकलांत नेमकी ही दुसरी पायरी गळते. फिलाडेल्फियातील रुग्णालयांच्या जाळ्यातील सुमारे २६,००० मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही रोजच्या गर्दीत ही पायरी अनेकदा राहून गेली होती. पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांपैकी शेकडा ३९ मुलांनाच चाळणीने वेळेवर पकडले होते. तेव्हा कमी गुणांवर विसंबून ‘काही नाही, बोलेल हळूहळू’ म्हणणे हेही तितकेच चूक.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात वर्षातून दोनदा अंगणवाडीत पथक यावे, अशी योजना आहे. आणि तपासायच्या तीसेक गोष्टींच्या यादीत स्वमग्नताही आहे. यादीत ती आली हे मोठेच पाऊल. परंतु वीस महिन्यांचे मूल अंगणवाडीत बसलेले नसते, ते आईच्या कडेवर असते. आणि अनोळखी माणसांपुढे रडणाऱ्या मुलाला पाच मिनिटांत पाहून त्याच्या खेळाविषयी काय कळणार? खूण झालीच, तर पुढचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. तेंदूपानाच्या हंगामात दोन दिवसांची मजुरी बुडवून गेलेल्या आईला जर ‘सहा महिन्यांनी या’ एवढेच ऐकायला मिळाले, तर ती पुन्हा जात नाही, आणि शेजारणीलाही जाऊ देत नाही.

चाळणी कधी उपयोगी पडते, याचा दाखला याच गडचिरोलीत आहे. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मुलांच्या न्यूमोनियावर केलेले काम १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. फारसे न शिकलेल्या दाईंनाही श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे साधन त्यांनी बनवले: एक मिनिटात दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तीही चाळणीच होती, आणि तिच्यातही चुका होत असणार. पण मोजणाऱ्या व्यक्तीकडेच औषधही होते. मोजायचे गावात आणि औषध दोनशे किलोमीटरवर, अशी रचना असती तर मण्यांचा उपयोग काय होता?

स्वमग्नतेसाठी असे पिशवीत मावणारे औषध नाही. ती बरा करण्याचा आजारच नव्हे. पण गावात नेता येईल अशी मदत आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते घरी जात. आईबाप मुलाशी खेळत असताना थोडे चित्रीकरण करीत आणि ते त्यांच्याबरोबर बसून पाहत: इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही थांबलात, म्हणून त्याने पुन्हा आवाज केला. आईबापांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून अधिक वेळा जवळ येऊ लागली. आशा कार्यकर्ती आणि सेविका यांना हे शिकवायचे नसेल, तर वीस प्रश्न वाटण्याची घाई कशाला, असे आमचे मत आहे.

त्या सेविकेला आम्ही नंतर पत्राने कळवले ते असे. आईला गुण सांगू नका. ‘ऑटिझम’ हा शब्दही आज सांगू नका, तो ठरवणे तुमचे काम नाही आणि आमचेही नाही. पण गप्पही राहू नका. पुन्हा त्यांच्या घरी जा, मूल पोट भरून खेळत असेल अशा वेळी. त्या सहा प्रश्नांपैकी एकेक विचारा आणि ‘करून दाखवा’ म्हणा. मागून हाक मारून पाहा, पण कानाची तपासणी व्हायला हवी ती डॉक्टरकडूनच, आणि सर्वांत आधी. वर्षाचे मूल बडबडत नाही, खुणा करीत नाही; सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही; दोन वर्षांपर्यंत स्वतः जुळवलेले दोन शब्द नाहीत; किंवा आलेले शब्द गेले: यांपैकी काहीही असेल तर गुण कितीही असोत, थांबायचे नाही. ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ असे आजी म्हणेल. तिचे ऐकून घ्या, पण तारीख पुढे ढकलू नका. आईला हेही सांगा की तिच्या हातून काही चुकलेले नाही. आईच्या कोरडेपणामुळे हे होते असे एके काळी पुस्तकांतून लिहिले जाई; ते खोटे ठरले आहे. लशीमुळे होते हा १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला, आणि डेन्मार्कमधील साडेसहा लाख मुलांच्या अभ्यासात तसे काही आढळले नाही. धाकट्याची लस चुकवू नये.

आणि जे पाहिले ते तारखेसह वहीत, आईच्याच शब्दांत लिहून ठेवा. पथक येईल त्या दिवशी किंवा जिल्ह्याला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या.

तिचे उत्तर पावसाळ्यात आले. मुलाचे दोन्ही कान तपासून झाले होते, ऐकू नीट येत होते. सहांपैकी चार प्रश्न ‘करून दाखवा’ म्हटल्यावरही तसेच राहिले होते. जिल्ह्याची तारीख मिळाली होती. नाल्याला पूर असल्याने एकदा चुकली होती, दुसरी पोळ्यानंतरची होती.