‘एकच प्याल्या’तला भगीरथ

परंडा हे भुईकोट किल्ल्याचे गाव. येथे सकाळी कोण कोणाच्या दारात उभा राहिला, हे सायंकाळच्या आत साऱ्या पेठेला ठाऊक असते. अशा गावात दारू पिणे लपत नाही. पण मौज अशी की, दारू सोडण्याची खटपट मात्र माणसाला लपवावीशी वाटते! गेल्या श्रावणात आम्ही घरी गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ पुन्हा वाचावयास घेतले. नात्यातले एक मामा ऐकत बसले होते. वाचन संपल्यावर ते म्हणाले, “सगळं खरं आहे रे, पण या सुधाकराला माझ्यासारखा एखादा भेटला कसा नाही?” मामांनी कित्येक वर्षांपूर्वी दारू सोडली. त्यांच्या या प्रश्नातून हा लेख निघाला. लिहावयास त्यांची संमती आहे. नाव मात्र घालायचे नाही, ही अट.

२३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्या आठवणी जुन्या रसिकांनी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या. मोठा मनुष्य एका प्याल्याने कसा धुळीस मिळतो, याचे हे चित्र, असेच आपण मानीत आलो. ते खोटे नाही. पण नाटकात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण केवळ हसण्यावारी पाहिले. ती म्हणजे तळीरामाचे आर्यमदिरामंडळ.

पिणाऱ्यांना या नाटकात मंडळ आहे, सोबती आहेत, थट्टामस्करी आहे. सोडणाऱ्याला काय आहे? सुधाकर मध्यंतरी दारू सोडतोही. कामधंद्यासाठी तो दारोदार फिरतो, लोक त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याच्याभोवती माणसे थोडी नाहीत. सिंधूची भक्ती आहे, रामलालचा स्नेह आहे. परंतु ती काठावरून हात देणारी माणसे; त्या पाण्यात बुडून वर आलेले त्यांतले कोणीच नाही.

असा एकच जण नाटकात आहे, तो भगीरथ. प्रेमभंगाने दारूला लागलेला, आणि रामलालच्या प्रयत्नाने त्या मंडळातून बाहेर पडलेला. गडकऱ्यांनी त्याला देशसेवेकडे आणि शरदकडे वळविले. भगीरथाने सुधाकराशेजारी बसून आपलीच कथा सांगावी, हा प्रवेश लिहिला गेला नाही. याचा दोष नाटककाराकडे देता येणार नाही. ती रीतच तेव्हा जगाला सापडली नव्हती.

ती सापडली १९३५ साली, अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी. बिल नावाचा एक शेअरदलाल काही महिने दारूपासून दूर होता. परगावी एकटा असताना त्याला पुन्हा ओढ लागली, तेव्हा त्याने बोलण्यासाठी दुसरा दारुडा शोधला. तो निघाला बॉब नावाचा डॉक्टर. येथे उपदेशक आणि रोगी असा भेद नव्हता. सांगणारा स्वतःला वाचविण्यासाठीच सांगत होता. या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना निघाली आणि १९५७ साली मुंबईस आली. पुण्यास १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने अनिल व सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, तेथेही अनुभवी माणसाच्या बोलण्याला असेच मोल आहे.

या सभेचे नियम साधे आहेत. फी नाही, नावनिशी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. प्रतिज्ञा जन्माची नसते, आजच्या दिवसाची असते. सुधाकराच्या भीष्मप्रतिज्ञेशेजारी ही ‘आजच्यापुरती’ प्रतिज्ञा ठेवून पाहावी; कोणती अधिक टिकाऊ, हे निराळे सांगावयास नको. आणि सिंधू? ती शेवटपर्यंत पतीचा अपराध पोटात घालते. आम्ही या मौनाला टाळ्या दिल्या. आज पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांच्याही सभा भरतात. मुक्तांगणात बायकांसाठी ‘सहचरी’ आहे. तेथे सिंधूला बोलता आले असते.

मामा पहिल्या सभेला एस.टी.ने परगावी गेले, कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून. “दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलो,” ते सांगतात. “तिसऱ्यांदा आतल्या एकानं नुसतं ‘या, बसा’ म्हटलं. कारण विचारलं नाही.” सभा हा रामबाण उपाय नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टर गाठावा. जवळची मदत कोठे मिळेल, याची विचारपूस १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट करता येते.

दिवाळीत घरोघर पाहुणे येतील, आणि कोणी तरी कोणाला तरी ‘एकच’ म्हणून आग्रह करील. त्या वेळी नको म्हणणाऱ्याची थट्टा करू नये. तो कदाचित आजच्या दिवसाची प्रतिज्ञा पाळीत असेल. त्याच्यापुढे फराळाचे ताट सारावे आणि म्हणावे, “या, बसा.” गडकऱ्यांच्या नाटकात राहून गेलेला प्रवेश एवढ्यानेच सुरू होतो.